यंदा शेतात काय घ्यायचे? चंदीगडच्या आसपासचा शेतकरी कसे ठरवतो

चंदीगड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? सरळ रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे सेक्टर, रॉक गार्डन आणि संध्याकाळी फिरायला जाण्याचा सुखना तलाव. शेत काही येत नाही. पण १ नोव्हेंबर १९६६ पासून हे शहर पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी आहे, आणि देशभरातल्या रेशन दुकानांत येणाऱ्या गहू-तांदळाचा मोठा वाटा याच दोन राज्यांतून येतो. भाताची लावणी कोणत्या तारखेपासून करायची, यासाठी इथे कायदा आहे. शहराची हद्द संपली की लगेच शेते सुरू होतात आणि त्या शेतांत गेली काही वर्षे एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो: यंदा काय घ्यायचे?

हवामान बदलले की शेतकऱ्याने पीक बदलावे, हे आपण टीव्हीवर आणि भाषणांत खूपदा ऐकतो. ऐकायला ते सोपे वाटते. प्रत्यक्षात तो निर्णय कसा घेतला जातो, हे समजून घ्यायचे असेल तर थोडा वेळ स्वतःला त्या बांधावर उभे करा. समजा, पतियाळा जिल्ह्यात तुमची पाच एकर जमीन आहे. बोअर आहे, दोन म्हशी आहेत, मुलगी कॉलेजात आहे आणि आडत्याची थोडी उचल डोक्यावर आहे. आता ठरवा.

भाताला गिऱ्हाईक आहे

तुम्ही पहिल्यांदा भाताचाच विचार कराल आणि त्यात तुमचे काही चुकणार नाही. खरे तर भात हे पंजाबचे जुने पीक नव्हे. १९६०-६१ मध्ये राज्यात जेमतेम सव्वादोन लाख हेक्टरवर भात होता. आज तो तीस लाख हेक्टरांच्याही वर गेला आहे. मधल्या काळात मका, कडधान्ये, भुईमूग, कापूस यांची जमीन भाताने घेतली. हरितक्रांतीनंतर देशाला धान्य हवे होते, सरकारने ते विकत घेण्याची व्यवस्था उभी केली, आणि शेतकऱ्याने त्या व्यवस्थेला साजेसे पीक निवडले.

केंद्र सरकार बावीस पिकांना हमीभाव जाहीर करते. पण जाहीर होणे वेगळे आणि त्या भावाने माल विकला जाणे वेगळे. पंजाब-हरियाणात मंडीत नेलेला गहू आणि भात जवळजवळ सगळा सरकारी संस्था उचलतात. मक्याची किंवा मुगाची तशी खात्री नाही. त्यामुळे पाच एकरांचा मालक गणित मांडतो तेव्हा 'कोणत्या पिकाला जास्त भाव' एवढेच बघून त्याचे भागत नाही. 'कोणते पीक मंडीत नेले की नक्की विकले जाईल' हे त्याला आधी बघावे लागते. मुलीची फी भरायची तारीख ठरलेली असते. तिथे पैसे किती येतील याइतकेच महत्त्व पैसे येतील की नाही याला असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. पंजाबात शेतीला वीज फुकट मिळते. बोअर चालवायला खर्च नाही, तर पाणी मोजण्याचे कारणही उरत नाही. परिणाम असा की राज्यात दरवर्षी जेवढे भूजल भरून येते, त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते. हरियाणाही फार मागे नाही. पाणी खाली गेले की बोअर आणखी खोल न्यावा लागतो, जास्त ताकदीची मोटर बसवावी लागते, आणि तो खर्च मात्र शेतकऱ्याच्या खिशातून जातो. म्हणजे वीज फुकट असली तरी पाणी फुकट पडत नाही. त्याचे बिल काही वर्षांनी येते एवढेच.

हे कोणाला कळत नव्हते असे नाही. अर्थतज्ज्ञ डॉ. सरदारा सिंग जोहल यांच्या समितीने १९८६ मध्येच सांगितले होते की गहू-भाताखालची वीस टक्के जमीन दुसऱ्या पिकांकडे वळवा. सल्ला बरोबर होता. पण त्या दुसऱ्या पिकांना गिऱ्हाईक कोण, या प्रश्नाचे पक्के उत्तर मिळाले नाही, आणि भाताचे क्षेत्र पुढेही वाढत राहिले.

एका तारखेचा परिणाम

पाणी वाचवण्यासाठी मग सरकारने तारखेला हात घातला. पूर्वी मे महिन्याच्या कडक उन्हातच लावणी सुरू व्हायची. त्या उन्हात शेतात साठवलेल्या पाण्याची वाफ होऊन जाते, आणि पंजाबात पाऊस तर जूनच्या अखेरीस पोचतो. म्हणून २००९ मध्ये पंजाबने भूजल संरक्षणाचा कायदा केला: १० मे पूर्वी रोपे टाकायची नाहीत आणि १० जूनपूर्वी लावणी करायची नाही. हरियाणानेही त्याच वर्षी तसा कायदा केला.

उद्देश चांगला होता आणि पाण्याच्या बाजूने तो पटण्यासारखाही आहे. पण शेतात एक तारीख सरकली की पुढच्या सगळ्या सरकतात. लावणी उशिरा झाली म्हणून कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस गेली. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला गेला पाहिजे, नाहीतर मार्चच्या उन्हात तो सापडतो. मधे उरले जेमतेम दोन-तीन आठवडे. एवढ्या वेळात कंबाइनने कापलेल्या भाताचा उभा पेंढा काढायचा कसा? सर्वांत स्वस्त आणि झटपट उपाय म्हणजे काडी ओढणे. दिल्लीची हवा दर हिवाळ्यात का काळवंडते, याची अनेक कारणे आहेत. त्यातले एक कारण या दोन-तीन आठवड्यांच्या घाईत आहे.

यातून वाट काढायचे प्रयत्नही झाले. 'हॅप्पी सीडर' हे यंत्र पेंढा न जाळता त्यातच गहू पेरते. पेंढ्याचे आच्छादन राहते, ओल टिकते आणि मातीही थोडी थंड राहते. पण यंत्र विकत किंवा भाड्याने मिळायला हवे, वेळेवर मिळायला हवे आणि ते ओढणारा ताकदीचा ट्रॅक्टर हवा. पाच एकरवाल्याचा नंबर लागेपर्यंत ओल उडून गेलेली असते.

दुसरी वाट लवकर पिकणाऱ्या वाणाची. 'पुसा ४४' हे भरपूर उतारा देणारे वाण पेरणीपासून कापणीपर्यंत सुमारे १६० दिवस शेतात राहते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचे 'पीआर १२६' हे वाण सुमारे १२३ दिवसांत तयार होते. पाण्याच्या कितीतरी पाळ्या वाचतात आणि गव्हाला वेळ मिळतो. शेतकऱ्यांनी ते मोठ्या प्रमाणावर उचलले. मग २०२४ च्या हंगामात भातगिरण्यांनी तक्रार केली की या वाणातून आणि काही संकरित वाणांतून तांदूळ कमी निघतो, तुकडा जास्त पडतो. मंडीत माल अडकला. ज्याने पाणी वाचवले, तोच ढिगाशेजारी बसून राहिला. पुढच्या वर्षी वाण निवडताना तो शेतकरी पाण्याचा विचार करील की गिरणीवाल्याचा? तुम्हीच सांगा.

२०२५ मध्ये पंजाब सरकारने लावणी १ जूनपासून टप्प्याटप्प्याने करायला परवानगी दिली, म्हणजे कापणी थोडी लवकर होईल आणि धान्यात ओल कमी राहील. पाणी वाचवावे तर वेळ जातो आणि वेळ वाचवावा तर पाणी जाते. या ओढाताणीतून शेतकरी दरवर्षी आपली वाट शोधतो.

मार्चचे ऊन, जुलैचा पाऊस

आता हवामानाकडे या. २०२२ चा मार्च हा हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात तेव्हा गव्हाचा दाणा भरत असतो. त्या दिवसांत उन्हाचा तडाखा बसला की दाणा भरायच्या आधीच पिकतो आणि सुरकुततो. उतारा घटला. सरकारला खरेदीचे नियम सैल करावे लागले: एरवी सहा टक्क्यांपर्यंतच चालणारा आकसलेला दाणा अठरा टक्क्यांपर्यंत स्वीकारला गेला. १३ मे २०२२ रोजी केंद्राने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. तुमच्या घरातल्या पिठाचा भाव आणि पतियाळ्याच्या शेतातले दोन आठवडे यांचा संबंध असा आहे.

त्यानंतर इथल्या शेतकऱ्यांनी जे शिकून घेतले ते लक्षात घेण्यासारखे आहे. कोणी पेरणी आठवडाभर अलीकडे आणली. कोणी उष्णता सोसणारे वाण शोधले. मार्चमध्ये ऊन वाढले की हलके पाणी द्यायचे, पण वारा पडलेला असतानाच. कारण ओल्या जमिनीत वारा आला की उभा गहू लोळतो. म्हणजे एका पाण्याच्या पाळीचा निर्णयसुद्धा मोबाईलवरचा वाऱ्याचा अंदाज बघून घ्यावा लागतो.

पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, मार्चमध्ये ऊन नव्हते, तर अवकाळी पाऊस आणि गारा होत्या. त्यानंतर जुलैत चंदीगड शहरावर २४ तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. सुखना तलावाचे दरवाजे उघडावे लागले. नुकतीच लावलेली भाताची रोपे हजारो एकरांत वाहून गेली किंवा कुजली. तेव्हा पंजाबात एक सुंदर गोष्ट घडली. ज्या गावांत पूर नव्हता, तिथल्या लोकांनी रोपवाटिका टाकल्या आणि पूरग्रस्तांना रोपे फुकट वाटली, अगदी गुरुद्वाऱ्यात लंगर लावावा तशी. वेळ थोडा उरला होता म्हणून लवकर येणारे 'पीआर १२६'च कामाला आले.

मग २०२५ चा ऑगस्ट-सप्टेंबर आला. सतलज, बियास आणि रावी एकाच वेळी फुगल्या. १९८८ नंतरचा हा पंजाबातला सर्वांत मोठा पूर. पीक तर गेलेच, पण पाणी ओसरल्यावर शेतांवर वाळू आणि गाळाचे थर पसरलेले होते. गहू पेरायचा तर वाळू हलवायला हवी, आणि वाळू म्हणजे कायद्याने खनिज, ती उचलायला परवाना लागतो. शेवटी राज्य सरकारने 'जिसदा खेत, उसदी रेत', म्हणजे ज्याचे शेत त्याची वाळू, असे धोरण जाहीर करून शेतकऱ्याला ती काढायची आणि विकायची मुभा दिली.

ऊन, गारा, अतिवृष्टी आणि महापूर हे सगळे चार वर्षांत येऊन गेले. आता विचार करा, अशा चार वर्षांनंतर तुम्ही नवे पीक करून बघाल, की ओळखीचे पीक धरून बसाल? बाहेरून बघणाऱ्याला वाटते की धोका वाढला की माणूस बदलतो. ज्याच्याजवळ शिल्लक असते तो बदलतोही. ज्याच्याजवळ ती नसते, तो धोका वाढला की खात्रीच्या गोष्टीला आणखी घट्ट धरतो. सारा शेजार बुडाला तरी भाताचा उरलेला ढीग मंडीत विकला जाईल, ही खात्री त्याला सोडवत नाही.

ज्यांनी बदल करून पाहिला

बदल करणारे नाहीत असे मात्र समजू नका. हरियाणाने २०२० मध्ये 'मेरा पानी, मेरी विरासत' योजना आणली: भात सोडून दुसरे पीक घ्या, एकरी ७,००० रुपये मिळवा. थेट पेरणीच्या भातालाही अनुदान मिळू लागले. त्यात चिखलणी नाही, रोपे उपटून लावणे नाही, पाणीही कमी लागते. पण तण मोजता येणार नाही इतके माजते, हेही ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे.

कुरुक्षेत्र आणि अंबाल्याच्या पट्ट्यात सूर्यफूल चांगले येते. २०२३ च्या उन्हाळ्यात त्याचा हमीभाव ६,४०० रुपये क्विंटल होता. बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. सरकारने हमीभावाने खरेदी न करता क्विंटलमागे १,००० रुपये फरक देऊ केला. तेवढ्याने तूट भरून निघत नव्हती. जूनमध्ये शेतकरी शाहाबादजवळ दिल्ली-चंदीगड महामार्गावर उतरले. ज्यांना आपण 'भात सोडा' म्हणतो, त्यांनी भाताशिवायचे पीक घेतले आणि त्यांना रस्त्यावर बसावे लागले. ती बातमी आसपासच्या प्रत्येक गावात वाचली गेली. पुढच्या पेरणीचा निर्णय अशाही बातम्यांवर होतो.

पंजाबच्या दक्षिण-पश्चिम पट्ट्यात, बठिंडा, मानसा, फाजिल्का या भागांत कापूस होता. कापसाला भाताइतके पाणी लागत नाही. २०१५ मध्ये पांढऱ्या माशीने तो खाल्ला, आणि २०२१ पासून गुलाबी बोंडअळीने. विदर्भातल्या वाचकांना ही अळी काही नवी नाही. २०२४ मध्ये पंजाबातला कापूस एक लाख हेक्टरांच्या खाली आला, आणि सोडलेल्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी भात उभा राहिला.

शेजारचाही हात असतो. तुमच्या चारी बाजूंना भात असेल तर त्यांचे पाणी झिरपून तुमचा मका पिवळा पडतो. सगळ्या शिवारात तुमचा एकट्याचाच हरभरा असेल तर नीलगाय आणि रानडुकरे तुमच्याकडेच येतात. कंबाइनवाला एका एकरासाठी वेगळी फेरी मारत नाही. सातबारा एकट्याच्या नावावर असला तरी पीक काय घ्यायचे, हे शिवार मिळून ठरवत असते.

आणि जमीन स्वतःची नसेल तर? पंजाबात पुष्कळ जमीन वर्षाच्या तोंडी ठेक्यावर कसली जाते. पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे असेल की नाही हेच ठाऊक नसलेला माणूस बांधावर झाड कशाला लावील, शेणखत कशाला टाकील? जो ठेक्याची रक्कम लवकर भरून काढील, तेच पीक तो घेतो.

सफरचंद वर गेले, शहर खाली उतरले

चंदीगडहून उत्तरेला हिमाचलची चढण लागते. तिथे हवामानाने जमिनीचा नकाशाच हलवला आहे. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात हजारावर तास कडक थंडी लागते. खालच्या भागात ती मिळेनाशी झाली, बर्फ कमी पडू लागला, तशा बागा वर वर सरकल्या. किन्नौर आणि लाहौल-स्पितीसारख्या उंच, थंड भागांत सफरचंद वाढले. खालच्या शेतकऱ्यांनी डाळिंब, किवी, भाजीपाला धरला. उलट दिशेने जाणाराही एक जण निघाला: बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा. त्यांनी कमी थंडीत फळणारे 'एचआरएमएन ९९' हे सफरचंद तयार केले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शोध नेहमी प्रयोगशाळेतच लागतो असे नाही.

यमुनानगरच्या बाजूला शेतात पॉप्लरच्या रांगा दिसतात. जवळच प्लायवूडचे कारखाने आहेत, म्हणजे गिऱ्हाईक आहे. पाच-सात वर्षांत झाड तोडणीला येते आणि सुरुवातीची काही वर्षे मधल्या पट्ट्यात गहू किंवा ऊस घेता येतो. पाणी भातापेक्षा कमी लागते. पण पाच-सात वर्षे वाट बघायची ऐपत हवी, आणि तोडणीच्या वर्षी लाकडाचा भाव पडलेला नसावा.

आणि शहराजवळ तर सगळ्यात मोठे पीक म्हणजे प्लॉट. चंदीगड वसवतानाच, १९५२ मध्ये, शहराभोवतीच्या पट्ट्यात बांधकामांना आळा घालणारा कायदा झाला होता. तरीही मोहाली, झिरकपूर, पंचकुला वाढतच गेले. २०२५ मध्ये पंजाब सरकारने शहरांच्या वाढीसाठी हजारो एकर जमीन एकत्र करण्याचे धोरण आणले, शेतकऱ्यांनी विरोध केला, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये ते मागे घेतले गेले. सगळेच विकायला नाही म्हणत नव्हते आणि सगळेच हो म्हणत नव्हते. एकाच घरात वडील नको म्हणतात आणि परदेशी जाऊ पाहणारा मुलगा हो म्हणतो, तेव्हा जमिनीचा निर्णय शेतीचा राहत नाही, घराचा होतो.

गाळाचा माग काढत सुखोमाजरीला

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही. तसे नाही, आणि त्याचे उदाहरण चंदीगडच्या अगदी जवळचे आहे.

१९५८ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा एक ओढा अडवून सुखना तलाव झाला. थोड्याच वर्षांत तो गाळाने भरू लागला. गाळ येतो कुठून, याचा माग काढत मृद व जलसंधारण संस्थेच्या चंदीगड केंद्रातले पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी टेकड्यांच्या पायथ्याच्या सुखोमाजरी गावापर्यंत पोचले. गाव लहान, जमीन तुकड्या-तुकड्यांची, शेती पावसावरची. लोक शेळ्या आणि गुरे टेकडीवर सोडत. टेकडी बोडकी झाली होती आणि तिची माती पावसाबरोबर वाहून जात होती.

नुसते 'चराई बंद करा' म्हणून भागले नसते. १९७६ पासून गावाजवळ मातीचे छोटे बांध घालण्यात आले आणि पाणी अडले. पण पाण्याचा फायदा ज्यांची शेते खाली होती त्यांनाच. ज्यांना पाणी नाही, जमीन नाही, त्यांनी टेकडी का सोडावी? इथे गावाने जो तोडगा काढला तो आजही शिकण्यासारखा आहे. पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क, जमीन असो वा नसो. ज्याला नको त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. बदल्यात सगळ्यांनी टेकडीवर गुरे सोडायची नाहीत. तारेचे कुंपण न घालता टेकडी राखली गेली. गवत आले, भाबर नावाचे दोरासाठी आणि कागदासाठी लागणारे गवत आले, त्याचे उत्पन्न गावाच्या संस्थेला मिळू लागले. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, दूध वाढले. सुखोमाजरीवरून होणारी मातीची धूप घटली.

नंतरच्या काळात बांधांत गाळ साठला, माणसे बदलली, नोकऱ्या आल्या. कोणतीही व्यवस्था एकदा उभी केली की कायमची चालते, असे नसते. पण एक गोष्ट तिथे सिद्ध झाली: सर्वांत गरीब घराला वाटा मिळाला, की जमिनीबद्दलचा अवघड निर्णय सगळे गाव पाळते.

आपल्याकडे बघा

मराठी वाचकाला इथे हिवरे बाजार आठवल्याशिवाय राहणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या कमी पावसाच्या गावात १९९० पासून पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली, श्रमदान झाले. पुढे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागले. पाऊस किती पडला, प्यायला आणि गुरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे ग्रामसभेत ठरते. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. ज्या प्रश्नाशी पाच एकरवाला एकटा झुंजतो, तो तिथे सगळे गाव मिळून सोडवते.

आणि पंजाबच्या भातावर बोट ठेवण्याआधी आपला ऊसही बघायला हवा. तो लागवडीखालच्या जमिनीचा लहानसाच भाग व्यापतो, पण सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा पितो. तरी शेतकरी तो लावतो, कारण कारखाना ऊस नेतो आणि एफआरपी ठरलेली असते. कारण अगदी तेच: गिऱ्हाईक नक्की आहे.

२०२५ च्या पावसाळ्याने तर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना एकाच रांगेत उभे केले. पंजाबात नद्यांनी शेतांवर वाळू आणून टाकली, तर सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात पुराने शेतातली माती खरडून नेली. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतच्या कामाची तरतूद होती. सोयाबीन पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. माती तयार व्हायला पिढ्या लागतात.

तुमच्या घरची जमीन असेल तर

तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे थोडी तरी जमीन असेल. भाऊ बघत असेल, काका बघत असतील किंवा बटईने दिली असेल. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की हे प्रश्न घरात जरूर विचारा:

• गेल्या पाच वर्षांत कोणत्या वर्षी पीक गेले आणि कशाने गेले? वही नसेल तर यंदापासून एक वही घाला. पाऊस, पेरणीची तारीख, उतारा आणि विकलेला भाव, एवढे चारच रकाने पुरेत.

• विहिरीला किंवा बोअरला एप्रिलमध्ये पाणी किती असते? पीक त्या पाण्यावर ठरवा, जुलैच्या पाण्यावर नको.

• नवे पीक करायचे असेल तर पेरणीआधी गिऱ्हाईक बघितले का? पहिल्या वर्षी अर्ध्या एकरावर करून बघता येईल का?

• सगळी जमीन एकाच पिकाखाली आहे का? सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घातल्या तर एक पीक गेले तरी दुसरे हाताशी राहते. वाडवडील हे करतच आले.

• जमीन बटईने दिली असेल तर कसणाऱ्याला दोन-तीन वर्षांचा शब्द देता येईल का? तेवढ्या भरवशावर तो बांध सुधारील, खत टाकील.

• घरातल्या बाईला विचारले का? वैरण, दूध, बियाणे आणि घरखर्च यांचा हिशेब बहुतेक घरांत तिच्याकडेच असतो.

जमीन नसेल, तर ताटाकडे बघा. बाजरी, ज्वारी, नाचणी, हरभरा, करडईचे तेल तुमच्या घरात जेवढे येईल, तेवढे त्या पिकांना गिऱ्हाईक वाढेल. एका घराने काही होत नाही हे खरे. पण कमी पाण्याच्या पिकाला विकत घेणारा कोणी आहे, हे दिसल्याशिवाय पाच एकरांचा मालक भात सोडणार नाही, हेही तितकेच खरे.

आता पुन्हा त्या पाच एकरांवर या. मे महिना आहे. पाऊस वेळेवर येईल की नाही, सांगता येत नाही. बोअरचे पाणी पुन्हा खाली गेले आहे. शेजाऱ्याने भाताची रोपे टाकली आहेत. सूर्यफुलाचे शाहाबादला काय झाले, ते तुम्हाला माहीत आहे. मुलीची फी जुलैत आहे.

चार एकर भात, एक एकर मका, कोपऱ्यात म्हशींसाठी चारा: पुष्कळ शेतकरी असेच काहीसे ठरवतात. तुम्ही काय ठरवाल?